दोन टेनर, दोन पोत

सोळाव्या शतकातलं चर्चसंगीत भाविकांनी साधेपणानं म्हणावं, पगारी गायकांच्या घोटीव आवाजात ते परकं वाटतं, असं गोव्यातल्या आमच्या कॉयरमध्ये पुष्कळदा ऐकायला मिळतं. मला हे पटत नाही. त्या शतकातला संगीतकार पालेस्त्रीना याच्या काळचा पोपचा वृंद पगारी गायकांचाच होता. खुद्द पालेस्त्रीना त्यात गायचा, आणि विवाहित असल्यामुळे १५५५ साली त्याची ती नोकरी गेली.

शिवाय प्रश्न सुराचा आहे. या संगीताला पियानोवरचा गंधार चालत नाही. तंबोरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो इथे लागतो. पियानोच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट उतरता. त्यासाठी आवाज सरळ, ऑपेरातल्या कंपाशिवाय लावावा लागतो आणि कान सतत शेजाऱ्याकडे ठेवावा लागतो. रोजच्या मेहनतीशिवाय हे होत नाही.

माझी तक्रार एकसारखेपणाबद्दल आहे. १९७३ साली पीटर फिलिप्स यांनी ऑक्सफर्डमध्ये ‘टॅलिस स्कॉलर्स’ सुरू केलं. वर स्त्रियांचे निर्मळ सोप्रानो, सगळ्यांचे स्वरोच्चार एका साच्यातले, असा इंग्लिश वृंदांचा आवाज तेव्हापासून जगभर पोचला. मीही त्याच ध्वनिमुद्रिका ऐकत वाढलो आणि त्यांचं ऋण मानतो. पण पोपच्या चॅपेलमध्ये स्त्रिया गात नसत. वरची ओळसुद्धा पुरुषच गात. इंग्लिश आवाज हा एक पर्याय आहे. आपण त्यालाच प्रमाण मानून बसलो.

१५६७ साली छापलेली पालेस्त्रीनाची ‘मिस्सा पापे मार्चेल्ली’ घ्या. तिच्या सहा आवाजांत दोन टेनर आहेत, दोन बास आहेत. मी दुसरा टेनर गातो. ‘किरिए’ची सुरुवातीची लकेर एकाच स्वरावर ठाम उभी राहते, तिथून मध्यमाएवढी झेप घेते आणि पायरीपायरीनं उतरते. ती एका आवाजाकडून दुसऱ्याकडे जाते. दोन्ही टेनरांचा पल्ला एकच. त्यात आवाजही तंतोतंत मिसळले, तर ती कुणाकडून कुणाकडे गेली ते कळतच नाही. कानावर नुसता एक सुंदर ढग येतो. त्या काळच्या गायकाला वहीत फक्त आपली ओळ दिसे, तालाचे खंड पाडणाऱ्या उभ्या रेघाही नसत. तशा वहीवरून गायलं की माझी ओळ लॅटिन शब्दाच्या आघातानं चालू लागते आणि शेजाऱ्याचा आघात भलत्याच मात्रेवर पडतो. मला या संगीताचा प्राण त्या ओढाताणीत सापडतो.

वेगळ्या पोतांचं एक उदाहरण : वृंदसंचालक मार्सेल पेरेस यांनी चौदाव्या शतकातला संगीतकार माशो याच्या ‘मेस द नोत्र दाम’साठी कॉर्सिकातले पारंपरिक गायक घेतले. त्या काळात असंच गात असत, याला पुरावा नाही. पण त्या खरखरीत, हरकती घेणाऱ्या आवाजांत चारही ओळी सुट्या ऐकू येतात.

म्हणून वृंद बांधणाऱ्यांना माझी विनंती आहे : दोन टेनर घेताना दोन वेगळ्या पोतांचे घ्या, एका ओळीला एकच गायक ठेवून बघा, आणि गंधाराच्या बाबतीत कुणालाही सवलत देऊ नका.