मिहाऊ, तुझं पदक

मिहाऊ क्लेपफिश, १७ एप्रिल १९४३ ला तू तीस वर्षांचा झालास. त्याच दिवशी तुझी इरेना दोन वर्षांची झाली. बापलेकीचा वाढदिवस एकच. नंतर तीनच दिवसांनी तू गेलास.

वॉर्सा घेट्टोत, म्हणजे जर्मनांनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत, ब्रशच्या कारखान्यांचा भाग होता. घेट्टोतल्या ज्यूंच्या उठावात तिथल्या एका पोटमाळ्यावर जर्मन मशीनगन तुझ्या सोबत्यांची वाट अडवून बसली होती. तू सरळ तिच्यावर झेप घेतलीस आणि बाकीचे निसटले. त्या भागातल्या लढवय्यांचा म्होरक्या मारेक एडेलमन वाचला, त्याने हे लिहून ठेवलं, म्हणून आम्हाला ठाऊक.

पण मला तो पोटमाळा नव्हे, त्याआधीचे तुझे हात दिसत राहतात. तू इंजिनियर. ‘बुंद’ या ज्यू कामगार पक्षाचा माणूस. जिथे जन्मलो, राबलो, तीच आपली भूमी, तिथेच माणसासारखं जगायचं, असं मानणारा हा पक्ष. तुझी भूमी पोलंड होती. १९४२ च्या उन्हाळ्यात याच शहरातून अडीच लाखांहून जास्त ज्यू आगगाड्यांतून त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेले गेले. तूही तशाच एका गाडीत होतास. धावत्या गाडीतून उडी टाकलीस आणि परत आलास, लढायला.

मग घेट्टोच्या भिंतीबाहेर, पोलिश भूमिगत सैन्याच्या, म्हणजे आर्मिया क्रायोवाच्या माणसांकडून तू बाटल्या भरायला शिकलास. आत पेट्रोल आणि सल्फ्युरिक ॲसिड, बाहेर पोटॅशियम क्लोरेट लावलेला कागद. बाटली फुटते, ॲसिड कागदाला भिडतं, भडका उडतो. काडी ओढावी लागत नाही. किती जपून ओतत असशील! एक थेंब इकडेतिकडे झाला तर आधी तुझेच हात जळणार. हे शिकून तू आत गेलास आणि इतरांना शिकवलंस. ज्यांच्याकडे बंदुका नव्हत्या त्यांच्या हातात निदान आग आली.

बंदुका नव्हत्या, हे सहज लिहून पुढे जाता येत नाही. आर्मिया क्रायोवाने घेट्टोला जी पिस्तुलं दिली ती काही डझनांपलीकडे नव्हती. त्यांचा स्वतःचा साठा तुटपुंजा होता, हे खरं. पण ज्यू लढतील यावर पुष्कळांचा विश्वासच नव्हता, आणि ज्यूंविषयीचा जुना दुस्वासही होता. तू आपल्याच देशाच्या सैन्याच्या दारात हत्यारांसाठी उभा होतास, आणि तो देश तुला आपला म्हणावं की नाही याच विचारात होता.

१९४४ मध्ये लंडनमधल्या निर्वासित पोलिश सरकारने, ज्याच्या हुकमाखाली आर्मिया क्रायोवा होती, तुला ‘व्हिर्तुती मिलितारी’ दिलं. पोलंडचं सर्वोच्च लष्करी पदक, १७९२ पासूनचं. तेव्हा घेट्टोच्या जागी विटांचा ढिगारा उरला होता. लंडनमध्ये बुंदचा प्रतिनिधी श्मुएल झिगेलबॉइमही उरला नव्हता. जग हातावर हात ठेवून बसलं याचा निषेध म्हणून त्याने १९४३ च्या मे महिन्यात जीव दिला होता. मिहाऊ, तुझ्या पदकाची किंमत मी कमी लेखत नाही. ते तुझंच होतं. पण ते ज्या हातांनी दिलं, त्याच हातांनी वर्षभर आधी पिस्तुलं द्यायला हवी होती.

इरेनाला कॅथलिक अनाथाश्रमात ठेवलं होतं. तिची आई खोट्या नावाने एका पोलिश घरात मोलकरीण म्हणून राहिली. दोघी जगल्या. युद्धानंतर स्वीडन, मग अमेरिका. पोर मोठी होऊन कवयित्री झाली. इंग्रजीत लिहू लागली, आणि तुमच्या यिडिशमध्येही. वडिलांच्या देहाच्या शोधावर तिची एक कविता आहे. दुसऱ्यांनी लिहिलेल्या पुस्तकांत ती तुझं नाव धुंडाळते.

लोक तुझ्या मरणाला बलिदान म्हणतात. म्हणोत. मला तो शब्द पुरत नाही, कारण त्यात सगळं रीतसर पार पडल्यासारखं वाटतं. तुला मरायचं नव्हतं. गाडीतून उडी टाकणारा माणूस मरायला निघालेला नसतो. मागे बायको होती, दोन वर्षांची पोर होती, तिला अजून धड बोलताही येत नसेल. तू तिला यिडिश शिकवायला हवं होतंस.