दोन निवाडे

१७९२ साली सवाई माधवराव पेशव्यांनी आपल्या फौजेतल्या ख्रिस्ती लोकांना प्रार्थनेसाठी जागा दिली. पुण्यात क्वार्टर गेटजवळचं आमचं सिटी चर्च त्या दानातून उभं राहिलं. मिस्सेला बसलं की माझं मन पुष्कळदा त्या देणाऱ्याकडे जातं. त्याने आपल्या बापाचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. तो जन्मण्याआधीच, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणरावांना मारलं होतं, आणि ज्या काकाला त्यांनी जीव वाचवण्यासाठी मिठी मारली असं सांगतात, त्या रघुनाथरावांवरच, म्हणजे राघोबांवरच, खुनाचा ठपका आला. नारायणराव म्हणजे अठरा वर्षांचं पोर. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबांना तोंडावर सांगितलं की याला देहान्त प्रायश्चित्ताशिवाय दुसरं प्रायश्चित्त नाही, आणि स्वतः रामशास्त्री पुणं सोडून गेले.

या शहरात वाढलेल्या प्रत्येकाने ही गोष्ट लहानपणी ऐकलेली असते, आणि ती ऐकताना ऊर भरून येतो. माझाही येतो. पण ती शिक्षा अमलात आली नाही. राघोबा इंग्रजांच्या आश्रयाला गेले, १७७५ मध्ये सुरतेचा तह केला, त्यातून लढाई ओढवली, आणि १७८३ साली ते कोपरगावला वारले. रामशास्त्र्यांचा शब्द खरा होता, निर्भय होता. तरी त्या शब्दाने नारायणरावांच्या पदरात काय पडलं? आणि गारद्यांच्या तलवारीखाली त्यांच्याबरोबर वाड्यात जी साधी नोकरमाणसं मेली, त्यांच्या पदरात तरी काय पडलं?

ख्रिस्तसभा दोन निवाडे शिकवते. पहिला मरणाच्या क्षणी, प्रत्येकाचा एकट्याचा. त्यासाठी जगाच्या शेवटापर्यंत थांबावं लागत नाही, हे पोप बारावे बेनेडिक्ट यांनी १३३६ मध्ये ठामपणे जाहीर केलं. दुसरा निवाडा काळाच्या शेवटी, सगळ्यांचा, सगळ्यांसमोर. लहान असताना मला दुसरा अनावश्यक वाटायचा. एकदा निकाल लागल्यावर पुन्हा कशाला? पुढे संत थॉमस अक्विनस यांचं उत्तर वाचलं आणि त्यावर मी कितीतरी दिवस घालवले. माणूस मरतो, पण त्याचं कर्म त्याच्याबरोबर मरत नाही, असं ते म्हणतात. ते लेकरांत चालत राहतं, लोकांच्या आठवणीत खरंखोटं होऊन फिरतं, इतरांच्या आयुष्यात फळत किंवा कुजत राहतं. त्याचा पुरता हिशेब त्याच्या मरणाच्या दिवशी मांडताच येत नाही. १७८३ साली राघोबांचं कर्म कुठे संपलं होतं? आणि त्या पोरक्या मुलाने दिलेल्या जमिनीवर आजही लग्नं लागतात, बाप्तिस्मे होतात. त्याच्या दानाचं मोजमापही अजून चालूच आहे.

पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००७ मध्ये आशेवर एक विश्वपत्र लिहिलं, त्यात अंतिम न्यायाला त्यांनी आशेची जागा म्हटलं आहे. इतिहासात झालेला अन्याय हाच शेवटचा शब्द ठरणं अशक्य आहे, हे त्यांना शाश्वत जीवनाच्या बाजूचं सर्वांत मोठं कारण वाटतं. मला हे मनापासून पटतं. ज्यांच्याजवळ सगळं आहे त्यांनी या निवाड्याला भ्यावं. ज्यांचं सगळं गेलं, त्यांच्यासाठी ती राहिलेली एकमेव दाद आहे.

माझी आजी त्यातलीच. नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात तिची थोडी कोरडवाहू जमीन होती. आजोबा गेल्यावर ती तिच्या दिराने लाटली. आजी पुण्याला आली, लोकांच्या घरी भांडी घासून तिने तीन लेकरं वाढवली, आणि कोर्टाच्या तारखा चालू असतानाच म्हातारी झाली. 'वर निवाडा व्हायचाय,' ती म्हणायची. धमकी म्हणून कधी नाही. माहेरच्या बोलावण्याची वाट पाहावी तशी ती त्या निवाड्याची वाट पाहायची.

दर नोव्हेंबरला आमच्याकडे मेलेल्यांच्या नावांची यादी लिहून चर्चमध्ये देतात. महिनाभर मिस्सेत त्यांच्यासाठी प्रार्थना होते, आणि २ तारखेला, मृतांच्या दिवशी, घराघरांतली माणसं कबरस्तानात जातात, कबरी पुसतात, फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात. जे देवाच्या कृपेत मेले पण अजून पुरते निर्मळ झाले नाहीत, त्यांच्यासाठी शुद्धिस्थान आहे, आणि जिवंतांच्या प्रार्थनेचा त्यांना आधार मिळतो, ही आमची श्रद्धा. त्या विश्वपत्रात यावर एक विचार येतो: तिथली जाळून शुद्ध करणारी आग म्हणजे कदाचित ख्रिस्तच, त्याची आपल्यावर पडलेली नजर. त्या नजरेपुढे खोटं टिकत नाही, आणि जे जळतं त्यानेच माणूस मोकळा होतो. मरणोत्तर न्यायाविषयी याहून भयंकर आणि याहून प्रेमळ असं मी काही वाचलेलं नाही. ख्रिस्तसभेने असंख्य संत जाहीर केले आहेत. अमुक माणूस नरकात गेला, असं मात्र तिने नाव घेऊन कधीही जाहीर केलेलं नाही. राघोबांविषयीसुद्धा मला तसं म्हणण्याचा अधिकार नाही.

आजीला लिहिता येत नव्हतं, म्हणून यादी मी लिहायचो. तिचे आईबाप, आजोबा, लहानपणीच गेलेली एक मुलगी. दीर वारला त्या वर्षी तिने त्याचंही नाव सांगितलं. मी पेन खाली ठेवलं, चिडलो, खटला अजून चालू आहे म्हणालो. तिने नाव पुन्हा सांगितलं, बापाच्या नावासकट, म्हणजे वर घोटाळा व्हायला नको. मग म्हणाली, 'तो तिथं पोचायला पाहिजे. नाहीतर माझी जमीन माझी होती, हे तो कुणासमोर कबूल करील?'