अंगणातला बंब

दिवाळी सरली आणि पहाटे अंगणातल्या फरशीवर पाय ठेववेना झाला, की आम्ही माळ्यावरचा बंब खाली काढतो. आम्ही म्हणजे आम्ही दोघी बहिणी. एक माहेरच्या गावी दौंडलाच राहिली, दुसरी शिरूरला दिली. बंब एकच, तोही शिरूरच्या घरी. तरी त्याची साफसफाई दोघींनी मिळून करायची असा आमचा रिवाज आहे. दौंडची बहीण चौफुला-न्हावरे करीत एसटीने येते, येताना पिशवीत चिंच घेऊन येते. शिरूरला चिंच मिळत नाही असे थोडेच आहे, पण तिची ती सवयच आहे.

हा बंब आमच्या दादांनी घेतला. दादा दौंडला रेल्वेत खलाशी होते. त्याआधी आमच्या घरी आंघोळीचे पाणी तीन दगडांवर, पत्र्याच्या डब्यात तापायचे. इंजिनाच्या राखेच्या ढिगातून अर्धवट जळालेले कोळसे वेचून आणणे हे आम्हा पोरींचे काम. आई एका वाड्यावर कामाला जायची. तिथे अंगणात मोठा तांब्याचा बंब होता. त्याची राख काढायची, काजळी खरवडायची, लाकडे फोडून द्यायची ती आमच्या आईने. पाणी मात्र दुसरीच बाई भरायची. आईचा हात पाण्याला लागलेला चालत नसे. राखेला चालत असे. भारताची राज्यघटना लागू होऊन तेव्हा पंधराएक वर्षे झाली होती, हेही सांगितले पाहिजे.

एके दिवशी आईने ही गोष्ट घरी सांगितली. दादा काही बोलले नाहीत. पुढे बोनस मिळाला तेव्हा ते पुण्याला गेले, कसबा पेठेतल्या तांबट आळीतून बंब घेतला आणि पोत्यात गुंडाळून गाडीने दौंडला आणला. बंब अंगणात मांडून झाल्यावर ते आम्हाला म्हणाले, “१९२७ सालच्या १ जानेवारीला बाबासाहेब कोरेगावच्या विजयस्तंभाला आले, आणि त्याच साली २० मार्चला महाडला चवदार तळ्याचे पाणी प्याले. ध्यानात ठेवा.” आम्ही लहान होतो. बंबाचा आणि महाडचा काय संबंध, ते आम्हाला कळले नाही.

आता बंबाविषयी. मधल्या नळीत जाळ, तिच्या भोवती पाणी, खाली जाळी आणि राखेची जागा. वरच्या नरसाळ्यातून गार पाणी ओतायचे, तोटीतून कढत घ्यायचे. जेवढे काढले तेवढे लगेच भरायचे, हा पहिला नियम. पाणी कमी असताना जाळ राहिला तर सांध्याचा डाख वितळतो आणि बंब गळायला लागतो. म्हणून आधी पाणी, मग काडी. राख रोज काढायची, नाहीतर खालून वारा जात नाही. मग जाळ धरत नाही आणि नुसता धूर होतो. बाहेरून चिंच-मीठ लावून घासला की लखलखतो. शिरूरला बोअरचे पाणी जड, आतून पांढरी खपली धरते. त्यासाठी आम्ही चिंचेचे पाणी भरून रात्रभर ठेवतो, सकाळी ते ओतून दोनदा विसळतो. ते पाणी तोंडाला लावू नये. हिवाळा संपला की बंब पूर्ण रिकामा करून, उन्हात कोरडा करून मगच माळ्यावर ठेवायचा.

जळणाला वेड्या बाभळीसारखे दुसरे काही नाही. तुरकाठ्या पेटवणाला बऱ्या. उसाचे पाचट भसकन पेटते आणि विझते. दिसायला मोठा जाळ, पाणी कोमटच. (सभांमधली काही भाषणेही अशी असतात!) प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि टायरचे तुकडे मात्र कुणी घालू नयेत. तो धूर आपल्याच लेकरांच्या छातीत जातो.

आणि बंब बाहेरच असावा. हे आम्ही सोसून शिकलो. एका जानेवारीत असा गारठा पडला की अंगणात उभे राहवेना. इकडे काही रात्री पारा दहा अंशांच्या खाली जातो. आम्ही शहाणपणा केला, पेटता बंब उचलून न्हाणीत ठेवला आणि वारा येतो म्हणून झरोक्याला पोते लावले. दार लावून शिरूरच्या बहिणीचा थोरला आंघोळीला बसला. धूर नव्हता, नुसते लाल निखारे होते, म्हणून आम्ही निर्धास्त. आईने बाहेरून हाक मारली, ओ आली नाही. तिने दाराला लाथ घातली. पोरगा भिंतीला टेकून पडला होता, ओठ सुटलेले. तिने त्याला ओढत उघड्यावर आणले. मोकळ्या वाऱ्यावर थोड्या वेळाने तो भानावर आला आणि ओकला. डॉक्टरांनी सांगितले की कोंडलेल्या जागी निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस झोपेतच जातो. आता घरोघरी गॅसचे गिझर आले आहेत. भगिनींनो, तेही बंद न्हाणीत तितकेच घातक आहेत. खिडकी उघडी ठेवा, गारठा सोसा. थंडीत शेगडी खोलीत घेऊन दार लावून झोपू नका.

आमच्या बंबाचा मोठा दिवस म्हणजे १ जानेवारी. कोरेगाव भीमा आमच्याच शिरूर तालुक्यात, विजयस्तंभ नदीच्या पलीकडे पेरण्याच्या हद्दीत. आदल्या रात्री पाहुणे मुक्कामाला येतात आणि पहाटे तीनपासून बंब पेटतो. म्हातारी माणसे आधी, मग लेकरे, मग बापे, मग आम्ही. २०१८ साली त्या दिवशी दगडफेक, जाळपोळ झाली. संध्याकाळी आमच्या दारात नऊ माणसे आली, ओळखीचे कुणी नाही, दोघांच्या डोक्याला रुमाल बांधलेले. आईने गाव विचारले नाही, नाव विचारले नाही. बंब पेटवला. रात्री अकरापर्यंत तिने त्यांच्यासाठी पाणी काढले.

सगळे झोपल्यावर आम्ही उठून पाहिले तर आई अंगणात एकटी. आयुष्यभर ती शेवटी, उरलेल्या गार पाण्याने आंघोळ करीत आली. विचारले की म्हणायची, “मला गारच मानवतं गं.” आम्ही ते खरे धरून चाललो होतो. त्या रात्री तिने दोन्ही तळवे बंबाच्या पोटाला लावले होते आणि डोळे मिटले होते. आम्ही हाक मारली तसे तिने हात काढून घेतले आणि राख ओढायला खाली बसली.

आई आता नाही. या वर्षी बंबाची पहिली बादली सूनबाईची. तिला रांजणगावच्या कंपनीत सकाळची पाळी आहे, बस सहाच्या आत नाक्यावर येते. ती सगळ्यांच्या आधी आंघोळ करते याचे दौंडच्या बहिणीला पहिल्या दिवशी जरा खटकले होते. आता ती स्वतःच बादली भरून ठेवते. राख थोरला काढतो.