धुराची वाट

माझी थोरली बहीण वेल्ह्याकडच्या एका गावात दिलेली आहे. तालुक्याचे नाव २०२४ साली राजगड झाले, पण आम्हा भोरकरांच्या तोंडी अजून वेल्हेच बसलेले आहे. मी भोरला कारकुनी करतो. उरलेल्या वेळात कुणाचा दाखला, कुणाचा अर्ज, कुणाचे रेशनकार्ड असली कामे चालू असतात. गॅस, पाइप, धुराडे यांच्याशी माझा काही संबंध नव्हता. तो कसा आला, ते सांगतो.

भाचा शिरवळला कंपनीत कामाला आहे. २०२१ साली त्याने जुने कौलारू घर पाडून तीन खोल्यांचे स्लॅबचे घर बांधले. न्हाणी घराच्या आत आली. तिला टाइल्स लागल्या, आतून कडी आली. ही किती मोठी गोष्ट आहे, हे ज्या बायांनी आयुष्यभर साडीचा आडोसा करून, काळोखात उठून आंघोळी उरकल्या त्यांनाच विचारावे. आक्काने पहिल्या दिवशी त्या न्हाणीचे दार चार वेळा उघडून लावून पाहिले होते.

पुढच्या वर्षी भाचेसुनेचे दुसरे बाळंतपण सासरीच झाले. वेल्ह्याची डिसेंबरातली थंडी सगळ्यांना ठाऊक आहे. बाळंतिणीला कढत पाणी हवे, चुलीवरचा हंडा उचलायला घरात माणूस नाही, म्हणून भाच्याने गॅसचा गिझर आणला. दोन सेल घातले की नळ सोडताच पेटतो, लाइट असो वा नसो. बसवणाऱ्याने अर्ध्या तासात न्हाणीच्या भिंतीवर टांगला आणि पैसे घेऊन गेला.

आठ-दहा दिवस भाचेसून म्हणत होती की, आंघोळ केली की डोके दुखते, मळमळते. शेजारणींनी बाळंतवात ठरवला. आक्काने डोक्याला तेल चोळले. मग एका सकाळी आक्का बाळाला मांडीवर घेऊन बाहेर बसली होती. आधी आईची आंघोळ, मग तिने हाक मारली की बाळाला आत द्यायचे, असा रोजचा क्रम होता. आतून पाण्याचा आवाज येत होता, माणसाचा येत नव्हता. आक्काने दोन हाका मारल्या. तिसऱ्या हाकेला ती ओरडलीच. दिराच्या मुलाने लाथ घालून कडी तोडली. पोरगी भिंतीला टेकून बसल्यासारखी होती आणि गिझर जळतच होता.

कुणीतरी कोरोनात घेतलेले बोटाला लावायचे यंत्र आणले. त्यात ९८ आकडा आला. ऑक्सिजन ठीक आहे, अशक्तपणाने चक्कर आली असेल, असे म्हणून पोरे तिला घरीच निजवणार होती. आक्का ऐकेना, म्हणून जीप काढली. दवाखान्यातील डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “घरात गिझर कोणता आहे?” तोंडाला ऑक्सिजन लावून दीड दिवस ठेवले. पोरगी वाचली. दार मोडायला आणखी दहा मिनिटे लागली असती तर काय झाले असते, ते डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट सांगितले. मी ते येथे लिहीत नाही.

त्या ९८ आकड्याबद्दल मी डॉक्टरांना पुन्हा विचारले, कारण ते यंत्र आज गावोगाव आहे. त्यांनी समजावले ते असे. गॅसला पुरेशी हवा मिळाली तर त्याचा कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ होते. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला जो घाण वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या द्रव्याचा असतो, आणि जळताना तो निघून जातो. रक्तातील हिमोग्लोबिन हा वायू प्राणवायूच्या दोनशेपटीहून जास्त ओढीने धरते. बोटाच्या यंत्राला दोन्हींतला फरक कळत नाही. प्राणवायूच्या जागी विष बसलेले असले तरी ते ९८ दाखवते. म्हणून डोकेदुखी, मळमळ, चक्कर ही न्हाणीतून आल्यावर होत असेल तर यंत्राकडे पाहू नये. रोग्याला आधी मोकळ्या हवेत काढावे आणि दवाखाना गाठावा.

मी बी.कॉम. माणूस. घरी येऊन कागद घेतला आणि जमाखर्च मांडला. न्हाणी चार फूट बाय पाच, उंची आठ. म्हणजे १६० घनफूट हवा. असा गिझर पूर्ण जोरात तासाला सुमारे ९०० ग्रॅम गॅस जाळतो, म्हणजे दहा मिनिटांत १५०. एक किलो गॅस नीट जळायला साधारण १२ घनमीटर हवा लागते. त्या हिशेबाने दहा मिनिटांच्या आंघोळीला सुमारे ६५ घनफूट हवेतला प्राणवायू खर्च पडला. शिल्लक हवेत धूर मिसळला तो वेगळाच. खर्चाची बाजू धडाक्याने चालू आणि जमेची बाजू कोरी. असे खाते आमच्या कचेरीत आले असते तर साहेबांनी कारकुनाला उभे केले असते.

जमेची बाजू कोरी का होती, तेही सांगितले पाहिजे. न्हाणीला खिडकी होती. पण ती गल्लीकडे होती, येणारे-जाणारे दिसायचे, म्हणून तिला आतून प्लायवूड ठोकला होता. त्यात कुणाची चूक म्हणायची? बाईला निवांत आंघोळ करता यावी म्हणूनच तर न्हाणी बांधली होती. आमच्या आईच्या कौलारू घरात फटीच फटी होत्या. पावसात गळायचे, थंडीत वारा शिरायचा, पण धूर कौलांतून निघून जायचा. स्लॅबने गळणे थांबवले आणि घराचा श्वासही थांबवला. जुन्या तांब्याच्या बंबाला तर पोटातच धुराडे होते. खाली ढलप्या पेटवायच्या, मधल्या नळीतून धूर वर आणि भोवती पाणी. शिवाय बंब अंगणात असायचा. तोच बंब किंवा कोळशाची शेगडी बंद खोलीत नेली तर तीही माणूस मारते.

मी वाचून पाहिले तर ही चूक गिझरच्या जन्मापासूनची निघाली. लंडनच्या बेंजामिन मॉन या रंगाऱ्याने १८६८ साली गॅसवर पाणी तापवणारे यंत्र काढले आणि आइसलंडच्या उष्ण झऱ्यांवरून त्याला ‘गिझर’ नाव दिले. त्याला धुराची नळीच नव्हती. नळी ही मागाहून, माणसे दगावल्यावर आलेली अक्कल आहे. एमिल झोला हा केवढा मोठा फ्रेंच लेखक! तो १९०२ च्या सप्टेंबरात पॅरिसमधील आपल्या घरात, शेगडीचे धुराडे तुंबल्याने गेला. आणि २०२३ च्या होळीला रंग खेळून आलेले मुंबईच्या घाटकोपरचे एक जोडपे न्हाणीघरात मृत सापडले, तेव्हाही संशय गॅसच्या गिझरवरच गेला.

गिझरच्या खोक्यात सूचनांचा कागद तसाच घडी घातलेला होता. सगळा इंग्रजीत. बंद न्हाणीत बसवू नये, असे त्यात छापलेले होते. विकणाऱ्याने वाचला नाही, बसवणाऱ्याने वाचला नाही, घरच्यांना वाचता आला नाही.

भाचा म्हणाला, “मामा, एक एक्झॉस्ट फॅन मारतो, झालं काम.” मलाही आधी पटले. पण ते काम होत नाही. गिझरच्या धुराला जायला स्वतःची नळी नसेल तर पंखा थोडा धूर काढील आणि थोडा डोक्यावर फिरवील. नळी असेल तर खोलीतला पंखा तिच्यातला धूरही उलटा आत ओढू शकतो. शिवाय आपल्याकडे पावसाळ्यात लाइट किती वेळा जाते? पंखा बंद पडला तरी सेलवरचा गिझर जळतच राहणार. कंपनीच्या पंख्याचे गिझर येतात, ज्याला दुकानदार फॅन टाइप म्हणतात, त्यांची गोष्ट निराळी. त्यात पंखा धूर नळीतून रेटतो आणि पंखा थांबला की गॅस आपोआप तुटतो. चांगली सोय आहे. पण मग लाइट गेली की पाणी नाही. भाच्याची पहिली पाळी सकाळी सातची.

तरी पंख्याचाच गिझर घ्यावा असे धरून मी नळीचा आराखडा काढायला बसलो. पश्चिमेच्या भिंतीतून सरळ नळी काढली तर जेमतेम दीड फुटात काम भागत होते. पण समोर अडीच फुटांच्या बोळानंतर चुलत दिराची खिडकी, तिथे त्यांचा नातू निजतो. आपला धूर त्याच्या उशाला नेऊन सोडायचा का? त्यातून पावसाळी वारा पश्चिमेचा, तो नळीत शिरून धूर मागे लोटणार. दक्षिणेला न्यावी तर मध्ये अडगळीची खोली, नळी अकरा फूट, वळणे दोन. प्रत्येक वळण म्हणजे धुराला कित्येक फूट जास्त चालल्यासारखे असते, आणि गार नळीत वाफेचे पाणी होऊन साचते. एक किलो गॅसमागे दीड किलोहून जास्त पाणी तयार होते, हे मला तेव्हा कळले. प्लंबरने तर संडासाचा उरलेला पीव्हीसी पाइप आणून ठेवला होता. तो ऐंशी अंशांच्या आसपास मऊ पडतो, आणि असल्या गिझरचा धूर त्याहून तापलेला असतो. मी तो परत पाठवला. प्लंबर रागावला. भाचाही नव्या टाइल्स फोडायच्या म्हणून नाराज होता.

तीन रविवार माझे कागद चालले होते. चौथ्या रविवारी भाचेसून बाळाला घेऊन दारात उभी होती. म्हणाली, “मामा, न्हाणीत पाणी पाहिजे. गिझर कशाला पाहिजे?”

मी तिच्याकडे पाहतच राहिलो. धूर लांब कसा न्यायचा यावर आम्ही पुरुष तीन आठवडे डोके फोडत होतो. पाणी लांबून आणता येते हे आमच्या डोक्यात आलेच नाही.

मग मागच्या पडवीत, जिथे जुनी चूल होती त्या भिंतीवर, जागा ठरली. तिथून न्हाणीपर्यंत बारा फूट गरम पाण्याची नळी. सुरुवातीचे अर्धी बादली पाणी गार येते, ते भांड्यांना होते. पडवी दोन बाजूंनी उघडी, पण पावसाळ्यात ताडपत्री लावतात. म्हणून धुराची नळी हवीच होती. जुन्या गिझरला नळी जोडायला तोंडच नव्हते. नळीचे तोंड असलेला दुसरा घेतला. कंपनीने दिलेल्या तोंडाइतक्याच रुंदीची धातूची नळी, कुठे बारीक न करता, वळण न देता सरळ वर, पत्र्याच्या दोन फूट बाहेर. वर पावसाची टोपी, आणि गांधीलमाश्यांनी पोळे करू नये म्हणून मोठ्या भोकांची जाळी. ताडपत्री जमिनीपासून वीतभर वर बांधायची, म्हणजे खालून हवा जमा होत राहील. न्हाणीच्या खिडकीचा प्लायवूड काढून तिरप्या काचा बसवल्या. हवा येते, दिसत काही नाही.

पेटवल्यावर मी गिझरच्या वरच्या फटीजवळ उदबत्ती धरली. धूर आत ओढला गेला. नळी चालू असल्याची ही सोपी खूण आहे. दर पावसाळ्यानंतर तेवढी उदबत्ती धरायची, असे मी भाच्याला सांगून ठेवले आहे.

एवढे झाल्यावर जुना गिझर पडवीच्या कोपऱ्यात पडून होता. तो नवाच दिसत होता. खालच्या आळीतील एक जण हजार रुपये द्यायला तयार झाला. त्याच्याकडेही नुकताच स्लॅब पडला होता. भाच्याच्या डोळ्यांसमोर नव्या गिझरचे हप्ते होते. तो माझ्याकडे पाहू लागला, मी जमिनीकडे. हजार रुपये म्हणजे त्या घरात लहान रक्कम नाही.

आक्का काही बोलली नाही. आतून कोयता आणला आणि त्याच्या पाठीने गिझर चार ठिकाणी चेपून ठेवला. दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला. वजनाचे दीडशे रुपये मिळाले.