शाळा सोडल्याचे कारण

शाळा सोडल्याच्या दाखल्यात एक रकाना असतो : ‘शाळा सोडल्याचे कारण’. वीस वर्षे मी मराठी शिकवून पोट भरते आहे. पण या रकान्यातल्या मराठीकडे माझे लक्ष कधी गेले नव्हते. ते गेले यंदाच्या श्रावणात.

आमच्याकडे धुण्याभांड्याला येणारी बाई एके दिवशी हात पुसत म्हणाली, “वहिनी, मला दहावीचा फॉर्म भरायचाय. सतरा नंबरचा.”

सतरा नंबर म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसणाऱ्यांचा अर्ज. हिचे वय चौतीस, पाच घरची कामे, थोरला मुलगा नववीत. माझ्या मनात पहिला विचार आला, ‘परीक्षेच्या दिवसांत भांडी कोण घासणार?’ सांगायला लाज वाटते. पण ऐन दिवाळीत खोटे कशाला बोला!

हल्ली हा अर्ज संगणकावर भरावा लागतो. तिने पिशवीतून जपून ठेवलेला दाखला काढला आणि मी वाचू लागले. इयत्ता आठवी. शाळा सोडल्याचे कारण : ‘पालकाच्या अर्जावरून’.

“आईनं अर्ज दिला होता का गं?”

“आईला कुठं लिहिता येत होतं, वहिनी? तुम्हीच नाही का लिहून दिलात? तुमचं अक्षर बघून हेडमास्तर म्हणाले होते, ‘अर्ज कुणी लिहिला? मोत्यासारखं अक्षर आहे.’”

तिच्या बोलण्यात रागाचा लवलेश नव्हता, उलट कौतुकच होते. म्हणूनच ते अधिक लागले.

मग सारे आठवले. माझा मुलगा तेव्हा चार महिन्यांचा. नोकरी नवी, रजा संपलेली. हिची आई आमच्याकडे कामाला होती. बाळाला सांभाळायला तिने आपली चौदा वर्षांची पोर आणून दिली. एका रविवारी मी चांगलासा कागद घेऊन वळणदार अक्षरात लिहिले, ‘घरगुती अडचणींमुळे...’ अडचण घरगुती होती खरी. पण घर तिचे नव्हते, माझे होते.

आणि त्याच वर्षी मी वर्गात रमाबाई रानड्यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक शिकवीत होते! १८७३ साली अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेल्या, घरातल्या बायकांची बोलणी सोसून शिकलेल्या रमाबाई. पुढे १९०९ साली पुण्यात त्यांनी सेवासदन उभे केले, थोरल्या बायकांना शिकण्याची वाट करून दिली. हे सांगताना माझा गळा दाटून येई. त्या वेळी घरी ती पोर माझ्या मुलाला झोका देत असे. या दोन गोष्टींची माझ्या मनात कधी गाठ पडली नाही.

आता रोज रात्री साडेआठला ती आमच्या जेवणाच्या टेबलाशी येऊन बसते. बीजगणित माझा मुलगा शिकवतो. ज्याच्यासाठी तिची शाळा सुटली, तोच. मराठी अर्थातच माझ्याकडे. पस्तीस गुणांना पास करतात, असे मी धीर द्यायला म्हटले, तर ती म्हणाली, “पस्तीस नकोत, वहिनी. तेवढं तर माझं वयच व्हायला आलं!”

परवा पत्रलेखन घेतले. “कसलंही एक विनंतिपत्र लिही,” असे सांगून मी भाजी फोडणीला टाकायला उठले. परत येते तो वही तयार. पत्र मलाच होते. विषय : परीक्षेसाठी पंधरा दिवसांची भरपगारी रजा मिळणेबाबत. कारण : दहावी पूर्ण करणे.

ऱ्हस्वदीर्घाच्या चार चुका होत्या. त्या मी लाल शाईने सुधारल्या. मजकुरात सुधारण्यासारखे काही नव्हते. या वेळचे कारण तिने स्वतः लिहिले होते. मी खाली ‘मंजूर’ असे लिहून सही केली.

भांडी कोण घासणार, हा प्रश्न अद्याप आहेच. तूर्त मुलाचे नाव पुढे आले आहे.