माळव्याची तीन पंचांगं

चि. भाच्यास,

पत्रास कारण की, कपिलधारच्या वरच्या अंगाच्या रानात यंदा सोयाबीन बाजूला ठेवून माळवं करायचं तुझ्या मनात आहे, असं ताईनं कळवलं. बियाणे कंपनीची पुस्तिका एव्हाना हाती आलीच असेल. तिच्यात प्रत्येक भाजीपुढे महिने छापलेले असतात आणि ते खोटेही नसतात. पण बालाघाटावर भाजीपाल्यावर घर चालवणारा शेतकरी एका पंचांगावर भागवत नाही. तो पेरतो नक्षत्रावर, विकतो तिथीवर, आणि तोडायला माणसं मिळणार की नाहीत हे साखर कारखान्यांच्या गाळपावर ठरतं.

नक्षत्रं सूर्याची, म्हणून ती जागची हलत नाहीत. मृग 7-8 जूनला निघतो, हस्त सप्टेंबरच्या 26-27ला. तिथी मात्र चंद्राची. कार्तिक पौर्णिमा 2025 साली 5 नोव्हेंबरला होती; 2026 साली अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती 24 नोव्हेंबरला आहे. त्या दिवशी कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीची यात्रा भरते. लातूर-नांदेडकडून पायी दिंड्या येतात, पंगती उठतात आणि डोंगरातल्या या लहानशा ठिकाणी भाजीला एकदम गिऱ्हाईक होतं. गेल्या वर्षीच्या तारखा डोक्यात ठेवून पेरणी करणाऱ्याची मेथी यंदा यात्रेआधीच फुलावर येईल.

हिशेब उलटा मांडायचा. मेथीला महिनाभर लागतो, म्हणजे पेर ऑक्टोबरच्या चौथ्या आठवड्यात. कोथिंबिरीला चाळीसेक दिवस. तिचे धणे रगडून दोन फाकी करूनच पेरायचे. टोमॅटोचा पहिला तोडा लागणीनंतर साठ-सत्तर दिवसांनी येतो आणि रोप व्हायला त्याआधी पंचवीस-तीस दिवस जातात, म्हणजे बी ट्रेमध्ये पडायला हवं ऑगस्टच्या मध्यावर. मात्र यात्रा दोन-चार दिवसांची. तिच्या भरवशावर अख्खा एकर एकाच दिवशी पेरला, तर उरलेल्या जुड्या नेकनूरच्या आठवडी बाजारात मिळेल त्या भावाला द्याव्या लागतात. जाणते लोक पाच-पाच गुंठे आठ दिवसांच्या अंतरानं पेरत जातात.

वांग्याचं गणित आणखी मजेशीर. चातुर्मासात कांदा-वांगं न खाणारी घरं आजही बरीच आहेत. कार्तिक पौर्णिमेनंतर बरोबर तीन आठवड्यांनी चंपाषष्ठी येते, आणि खंडोबाचा नैवेद्य भरीत-रोडग्याशिवाय होत नाही. पुढे भोगी. ती संक्रांतीच्या आदल्या दिवशी, म्हणजे सूर्याच्या हिशेबानं, त्यामुळे 13 जानेवारीच्या आसपास ठरलेली. भोगीच्या भाजीला वांगं, गाजर, घेवडा, ओला हरभरा सगळंच लागतं. या दोन दिवसांत तोडे बसतील अशी लागण केली तर भाव पदरात पडतो. फक्त शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या अळीसाठी कामगंध सापळे लागणीनंतर लवकर लावायचे आणि वाळलेले शेंडे दिसतील तसे खुडून नष्ट करायचे. अळी फळात शिरल्यावर फवारणीचा खर्चच तेवढा होतो.

आता पाणी, आणि खरी गोम इथेच आहे. बीड जिल्ह्याचा सरासरी पाऊस साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. एका एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे 4,047 लिटर. उन्हाळ्यात भरात आलेल्या भाजीला रोज पाच-सहा मिलिमीटर लागतं. म्हणजे ठिबक असलं तरी एकराला दिवसाकाठी वीस ते चोवीस हजार लिटर, दोन टँकर धर. 30 बाय 30 मीटरचं, तीन मीटर खोल अस्तराचं शेततळं उतार धरून सुमारे 22 लाख लिटर साठवतं. कागदावर एका एकराची शंभर दिवसांची सोय. पण एप्रिल-मेच्या उन्हात रोज सेंटीमीटरभर पाणी नुसतं उडून जातं, आणि काठोकाठ भरलेल्या तळ्यातून ते नऊ हजार लिटर होतं! म्हणून दिवाळी झाली की विहिरीची पातळी पाहून उन्हाळी रान ठरवायचं, आणि ते बहुधा अर्ध्याहून कमीच निघतं. 2016 च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. टोमॅटो तर पस्तीस अंशांच्या वर फूलच गाळतो. मग त्याला पाणी पाजून काय उपयोग?

उलट टोकही विसरू नये. सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीनं जिल्ह्यातली उभी पिकं पाण्यात घातली. खरिपात सपाट वाफे टाळून गादीवाफ्यावर लागण केली की मुळं कुजत नाहीत, वाफसाही लवकर येतो. पावसाळी भेंडीला केवडा, म्हणजे पिवळ्या शिरांचा विषाणूरोग, हमखास येतो. पांढरी माशी तो पसरवते. त्याला तोंड देणारा ‘परभणी क्रांती’ हा वाण आपल्याच कृषी विद्यापीठानं 1985 साली दिला. पुसा सावनी आणि एका रानभेंडीचा तो संकर. त्यानंतर संकरित वाण ढिगानं आले, पण बियाणं घेताना केवड्याचा प्रश्न पहिला विचारायचा, भाव नंतर.

राहिला कोयता, म्हणजे ऊसतोडीचं तिसरं पंचांग. बीड जिल्ह्यातली हजारो जोडपी दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे ऊसतोडीला जातात आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. म्हणजे हिवाळ्यात, ऐन भाजीच्या दिवसांत, गाव निम्मं रिकामं. गवार आणि भेंडीला एक दिवसाआड माणूस लागतो, म्हणून ती माणसं गावात असताना, मृगाच्या हंगामात घेतलेली बरी. रब्बीत कोबी घ्यावा, तो एकदाच कापायचा असतो. किंवा कांदा: रोप ऑक्टोबर-नोव्हेंबरात, लागण डिसेंबर-जानेवारीत आणि काढणी एप्रिलमध्ये, माणसं परतल्यावर. लागणीचे चार दिवस मात्र घरच्यांनी आणि पाहुण्यांनी मिळून ओढावे लागतात.

शेवटी बाजाराचं: जुलै 2016 पासून भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याच्या पट्टीतून कापायची नाही, ती खरेदीदारानं द्यायची, असा नियम आहे. कॅरेट उतरवल्यावर पट्टी तिथंच वाचून बघ. बियाण्याची पावती आणि रिकामी पिशवी हंगाम संपेपर्यंत टाकू नकोस. उगवण फसली तर तक्रारीला लॉट नंबर लागतो. विहिरीचं पाणी किती फुटांवर आहे, ते उलट टपाली कळव.

तुझा,
मामा