रविवारचा संसार

फिलिपिन्सचा कुटुंब कायदा १९८७चा. लग्न फक्त स्त्री-पुरुषाचं. बाईवर प्रेम करणारी बाई या कायद्यात येते ती अशी: लग्नाआधी हे लपवलं असेल तर फसवणूक, लग्न रद्द, नाहीतर कायदेशीर विभक्तीचं एक कारण. दोन्ही कलमांत तिच्या शेजारी कोण, तर दारूचं व्यसन. वाचताना संताप येतो.

*

हाँगकाँगमधल्या फिलिपिनो घरकामगार बायकांना २००३पासून मालकाच्याच घरी राहण्याची सक्ती आहे. सुट्टी आठवड्यातून एक, बहुतेकींना रविवारी. मग प्रेमात पडलेल्या दोघींचा संसार सेंट्रल भागातल्या रस्त्यावर, पुठ्ठा अंथरून. एकमेकींच्या डब्यातलं खायचं, केस विंचरायचे, गावी व्हिडिओ कॉल लावायचा. आईला सांगायचं, ही मैत्रीण.

आई बहुधा ओळखून असते. विचारत नाही. याला मूक संमती म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ती पुरेशी वाटत नाही. धाकट्यांची फी, आईची औषधं, घरावरचा स्लॅब हे सगळं जिच्या पगारातून होतं, तिच्या माणसाची चौकशी करायला काय हरकत आहे?

*

बेबी रूथ व्हिलारामा यांचा 'संडे ब्युटी क्वीन' (२०१६) हा माहितीपट जरूर पाहावा. त्यातले लिओ सेलोमेनिओ स्वतः हाँगकाँगमध्ये घरकामगार, स्वतः लेस्बियन. रविवारी या बायकांसाठी सौंदर्यस्पर्धा भरवतात. सगळ्या त्यांना 'डॅडी लिओ' म्हणतात. परमुलखात वडीलधारं माणूस असं उभं राहतं, याचं मला फार अप्रूप आहे.

*

फिलिपिन्समधल्या क्वेझॉन सिटीने २०२३मध्ये समलिंगी जोडप्यांसाठी एक कार्ड काढलं. त्यावरच्या क्यूआर कोडमागे मुखत्यारपत्र असतं. जोडीदारीण बेशुद्ध असेल तर उपचारांचा निर्णय दुसरी घेऊ शकते. मोठं काम. पण हा एका शहराचा उपक्रम. देशभरासाठीचं भेदभावविरोधी विधेयक पहिल्यांदा २०००मध्ये मांडलं गेलं; एवढ्या वर्षांत त्याचा कायदा झाला नाही.

*

वारशाचं कुणी बोलत नाही. फिलिपिन्समध्ये अशी एखादी वारली, मूलबाळ नाही, मृत्युपत्रही नाही, तर मिळकत आईवडिलांकडे, ते आणि आजी-आजोबाही नसतील तर भावंडांकडे. जोडीदारणीला काही नाही. मृत्युपत्र केलं तरी आईवडील हयात असतील तर निम्मा वाटा त्यांचा. उरलेला निम्मा मात्र तिच्या नावे करता येतो. परदेशात राबून गावी घर बांधणाऱ्या प्रत्येकीने हा कागद धडधाकट असतानाच करून ठेवावा, असं मला कळकळीने वाटतं.